घोडा, गोगलगाय आणि बुऱ्हाणपूरचे शेखसाहेब

सांग बघू! गल्लीत क्रिकेट रंगात आलंय आणि चेंडू उडून थेट कडुनिंबाच्या फांदीत अडकला. आता काय धरायचं? आऊट? सिक्स? की डेड बॉल?

भांडण ठरलेलं! बॅटिंगवाले ओरडणार, ‘सिक्स, सिक्स!’ बोलिंगवाले ओरडणार, ‘आऊट भो, आऊट!’ मग सगळे धावणार अंपायरकडे. अंपायर कोण, तर ओट्यावर बसलेली मोठी ताई. कडुनिंबाचं काय करायचं, हे तिला कुणी लिहून दिलेलं नाही. पण निकाल तर द्यायलाच हवा. ताई जरा विचार करते आणि जाहीर करते, ‘दोन रन. चला, पुढचा बॉल टाका.’

खरी गंमत आता पुढे आहे. दुसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा त्याच कडुनिंबात! आणि आज अंपायर आहे दुसराच, एक दादा. त्याने काय करावं? ताईचा कालचा निकाल पुढे चालवावा, की आपलं डोकं नव्याने चालवावं?

हा प्रश्न पोरखेळ वाटला ना? पण मोठमोठे न्यायाधीश शेकडो वर्षं याच प्रश्नावर विचार करत आलेत. त्यांनी दोन वेगळी उत्तरं शोधली. आणि ती दोन्ही उत्तरं कुठे येऊन एकाच टेबलावर बसली, ठाऊक आहे? आपल्या धुळ्यात! आपल्या खानदेशात!

पहिलं उत्तर आलं इंग्लंडमधून.

साडेआठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथे दुसरा हेन्री नावाचा राजा होता (त्याची कारकीर्द ११५४ ते ११८९). तेव्हा दर दहा कोसांवर रीत वेगळी. मग राजाने आपले न्यायाधीश घोड्यावर बसवून गावोगाव पाठवले. ते निकाल देत फिरायचे आणि लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला परत यायचे. तिथे बसून गप्पा. ‘तिकडे मी असा निकाल दिला बुवा, तू काय दिलास?’ हळूहळू सगळीकडे सारखेच निकाल होऊ लागले. साऱ्या देशाचा मिळून एक कायदा तयार झाला. त्यालाच म्हणतात कॉमन लॉ.

म्हणजे बघ हं, तो कायदा काही कुणी एका जागी बसून लिहिला नाही. निकाल साठत गेले, साठत गेले, आणि त्यांचाच कायदा झाला! इथे दादाचं उत्तर काय? ‘ताईने काल दोन रन दिले ना? मग आजही दोनच!’

आता तुला एका गोगलगायीची गोष्ट सांगते. शंखातली हळूबाई गोगलगाय! तीच!

२६ ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधलं पेझली नावाचं गाव. मे डोनाह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. जिंजर बिअर म्हणजे आल्याचं गोड, बुडबुडेवालं पेय. बाटली गडद काचेची होती, आतलं काही दिसत नव्हतं. बाईने थोडं पेय संपवलं. उरलेलं ओतलं, तर काय? बाटलीतून बाहेर आली कुजलेली गोगलगाय! तसं तिने कोर्टात सांगितलं.

शीऽऽ! बाई आजारीच पडली. पण दावा कुणावर लावायचा? कॅफेवाल्यावर? पैसे तर मैत्रिणीने दिले होते, म्हणजे बाईचा आणि कॅफेवाल्याचा व्यवहारच झाला नव्हता. बाटली भरणाऱ्या कारखानदारावर? त्याने तर बाईला कधी पाहिलंही नव्हतं! ‘माझा तिचा संबंधच काय?’ असं त्याचं म्हणणं.

खटला चढत चढत लंडनला पोचला. तिथे पाच न्यायाधीश बसले. २६ मे १९३२ ला निकाल लागला. तिघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या. तिघांनी सांगितलं, जो माणूस खायचं-प्यायचं बनवतो त्याने ते पोटात घालणाऱ्याची काळजी घ्यायलाच हवी. मग तो खाणारा अनोळखी का असेना!

एका बाटलीचा निकाल, पण त्याचा आधार घेत जगभर हजारो खटले चालले. भारतातल्या न्यायालयांतही वकील त्याचा दाखला देतात. आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट माहितीय? बाटलीत खरंच गोगलगाय होती की नव्हती, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही! त्याआधीच प्रकरण आपसात मिटलं. न दिसलेल्या गोगलगायीने साऱ्या जगाला नियम दिला!

आपल्या देशातही हीच पद्धत आहे. राज्यघटनेच्या १४१व्या कलमात सांगितलंय, की सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना पाळावा लागतो. जळगावच्या न्यायाधीशांना, धुळ्याच्या न्यायाधीशांना, सगळ्यांना!

तुझ्या मनात एक शंका आली असेल. समजा, ताईच चुकली असेल तर?

फार चांगली शंका आहे! तर मग मोठं पंचमंडळ बसतं आणि जुना निकाल पुसतं. १९७६ साली देशात आणीबाणी होती, म्हणजे लोकांचे काही हक्क सरकारने थांबवले होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे प्रश्न आला. सरकारने माणसाला तुरुंगात टाकलं, तर ‘मला का टाकलं?’ असं तो न्यायालयात विचारू शकतो का? चौघे म्हणाले, नाही, आणीबाणीत विचारता येणार नाही. त्या चौघांत एक होते आपले मराठी न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना म्हणाले, का नाही? विचारता आलंच पाहिजे!

पुढे २०१७ साली नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि १९७६ चा तो निकाल चूक होता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं नाव ओळख पाहू! धनंजय यशवंत चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल पुसला! मला ही गोष्ट फार आवडते. घरात वडिलांना मान द्यायचा, पण न्यायाच्या खुर्चीत बसलं की फक्त न्यायाकडे बघायचं. आणि एकट्या पडलेल्या खन्नासाहेबांचं म्हणणं एक्केचाळीस वर्षांनी खरं ठरलं!

आता दुसरं उत्तर. त्यासाठी चल, थाळनेरला.

शिरपूरजवळ तापीकाठी थाळनेर आहे. तिथे जुन्या कबरी आहेत, त्या फारुकी राजांच्या. १३८२ च्या सुमारापासून १६०१ पर्यंत या घराण्याने खानदेशावर राज्य केलं. आधी राजधानी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. हे राजे सांगायचे, ‘आम्ही खलिफा उमर यांच्या वंशातले.’ खलिफा म्हणजे पैगंबरांनंतरचे मुस्लिमांचे राज्यकर्ते. उमर यांना फारुक म्हणत, म्हणून हे फारुकी.

या उमर यांची एक गोष्ट मुस्लीम जगात शतकानुशतकं सांगितली जाते. ते अरबस्तानात ६३४ ते ६४४ या काळात राज्य करत होते. एकदा त्यांनी एका माणसाकडून घोडा पसंत करून घेतला. पळवून बघितला. तर काय, घोड्याला दुखापत झाली! उमर म्हणाले, ‘घे तुझा घोडा परत.’ माणूस म्हणाला, ‘लंगडा घोडा मी नाही घेणार!’

एवढा मोठा राज्यकर्ता! हुकूम सोडला असता तर संपलं असतं. पण नाही, दोघं मिळून शुरैह नावाच्या माणसाकडे गेले. निकाल काय लागला असेल? शुरैह यांनी सरळ सांगितलं, की जसा घेतलात तसा परत करा, नाहीतर विकत घ्या. म्हणजे उमर हरले! मग उमर चिडले का? छे! ते इतके खूश झाले, की त्यांनी शुरैह यांना कूफा शहराचं काझी केलं. काझी म्हणजे न्यायाधीश.

आता आपल्या कडुनिंबाकडे येऊ. काझी कालच्या निकालाला बांधलेला असतो का?

ऐक गंमत. एका बाईचा मृत्यू झाला. तिची मालमत्ता वाटायची होती. काही भाऊ फक्त आईकडून नात्यातले होते, म्हणजे आई एक, वडील वेगळे. बाकीचे अगदी सख्खे. नियमाप्रमाणे वाटणी केली आणि सख्ख्या भावांना काही उरलंच नाही! उमर यांनी तसाच निकाल दिला. पुढे हुबेहूब तसंच प्रकरण आलं. या वेळी सख्खे भाऊ म्हणाले, की समजा आमचे वडील गाढव होते, तरी आई तर सगळ्यांची एकच ना! उमर यांना ते पटलं. त्यांनी सगळ्या भावांना मिळून वाटा दिला. लोकांनी विचारलं, मग आधीच्या निकालाचं काय? उमर यांचं उत्तर होतं, की तो तेव्हाचा, हा आत्ताचा. दोन्ही आपापल्या जागी राहतील. विद्वानांनी या प्रकरणाला नावच दिलंय गाढवाचं!

म्हणजे इथे दादाला मुभा आहे. ताईचा निकाल कालच्या मॅचपुरता. आज दादा स्वतः विचार करणार.

पण थांब हं. म्हणजे काझी मनाला येईल ते करणार का? मुळीच नाही! त्याचा कायदा निकालांत साठत नाही, तो ग्रंथांत असतो. आधी कुराण. मग पैगंबरांचं सांगणं आणि वागणं. आणि मग पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांनी त्यावर केलेला खल. काझी अडला तर मुफ्तीला विचारायचा. मुफ्ती म्हणजे कायद्याचा जाणकार. तो मत सांगतो, निकाल मात्र काझीच देतो.

त्या ग्रंथांत काझीने कसं वागावं याचे नियमही आहेत बरं! रागात असताना निकाल द्यायचा नाही. भुकेला असताना, झोप आलेली असताना नाही. (मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला तुझं लक्ष कुठे असतं, आठवून बघ!) दोघांपैकी एकालाच जेवायला बोलवायचं नाही. दोघांना सारखं बसवायचं आणि दोघांकडे सारखंच बघायचं. दावा ज्याने केला, पुरावा त्याने आणायचा. हा शेवटचा नियम ओळखीचा वाटतो? आपल्या आजच्या न्यायालयांतही तो आहेच. शेजाऱ्याच्या बकरीने तुझी केळीची रोपं खाल्ली म्हणतोस? मग दाखव पुरावा!

आता आपण बुऱ्हाणपूरला जाऊ. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी पकडली, की रावेर मागे पडतं आणि थोड्या वेळात बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण एकेकाळी ती खानदेशाची राजधानी होती.

तिथे शेख निजाम नावाचे फार मोठे विद्वान होऊन गेले. सतराव्या शतकात बादशहा औरंगजेबाला वाटलं, की काझींची पंचाईत होते. इतके ग्रंथ, इतकी मतं, शोधायचं कुठे आणि किती? मग त्याने विद्वानांची मोठी मंडळी जमवली. प्रमुख कोण? आपले बुऱ्हाणपूरचे शेख निजाम! सुमारे आठ वर्षं काम चाललं. दोन लाखांच्या आसपास रुपये खर्च झाल्याची नोंद आहे, आणि ते तेव्हाचे रुपये बरं का! असा तयार झाला अरबी भाषेतला प्रचंड ग्रंथ, फतावा-ए-आलमगीरी. हे नाव लक्षात ठेव, तो पुन्हा भेटणार आहे.

दरम्यान आपल्या गावांत न्याय कसा चालायचा? तेव्हाचा महजर नावाचा कागद पाहिला, की डोळे चमकतात! महजर म्हणजे जमलेल्या सभेने दिलेला निकाल. भांडण समजा पाटीलकीचं. सभेत बसायचे देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार. त्यांच्याबरोबर काझीही. एकाच सभेत! कागदावर काझीचा शिक्का उमटायचा. आणि लिहिता न येणाऱ्यांचं काय? ते आपापलं चिन्ह काढायचे! पाटलाने नांगर काढायचा. वाण्याने तराजू, न्हाव्याने आरसा, कुंभाराने चाक. एका लांबलचक कागदाच्या तळाशी अख्खं गाव चित्रांनी उभं! कुणी नांगराचा फाळ ठसठशीत काढलाय, कुणाचा तराजू जरा कलंडलाय. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले जुने कागद तिथे जपलेत. मोठ्यांबरोबर एकदा नक्की जा.

मग आलं १८१८ साल. पेशवाई संपली. खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार बघू लागला, आणि धुळे झालं मुख्य ठाणं.

आता प्रश्न बघ हं. न्यायाधीश इंग्रज, शिकून आलेला कॉमन लॉ. समोर उभे खानदेशचे शेतकरी, व्यापारी, विणकर. निकाल कुणाच्या कायद्याने द्यायचा?

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२७ मध्ये नियम बांधून दिले आणि ते खानदेशालाही लागू केले. त्यात पायऱ्या होत्या. आधी सरकारी कायदा बघा. तिथे उत्तर नाही? मग त्या भागातली रूढी बघा. तीही नाही? मग ज्याच्यावर दावा आहे त्याचा कायदा बघा. तोही गप्प? मग न्यायबुद्धी आणि सद्सद्विवेक वापरा! मला यातली तिसरी पायरी फार विचारी वाटते. दावा लावणाऱ्याचा कायदा नाही हं, ज्याच्यावर दावा लागलाय त्याचा!

पण इंग्रज साहेबाला हिंदूंचं धर्मशास्त्र आणि मुसलमानांचा शरियत कायदा कुठून ठाऊक असणार? म्हणून न्यायालयात सरकारी शास्त्री आणि मौलवी नेमले होते. साहेब प्रश्न विचारायचा आणि ते ग्रंथ बघून उत्तर द्यायचे. तीच ती मुफ्तीची पद्धत, फक्त खुर्चीवर काझीच्या जागी साहेब! मघाशी म्हटलं ना, दोन्ही उत्तरं एका टेबलावर बसली? ती अशी.

१८६४ मध्ये कायदा झाला आणि ही शास्त्री-मौलवींची पदं बंद झाली. सरकारी काझीचं पदही गेलं. मग न्यायाधीशांनी विचारायचं कुणाला?

आठवतोय का तो मोठा ग्रंथ? १८६५ मध्ये नील बेली नावाच्या माणसाने इंग्रजीत मुस्लीम कायद्याचं पुस्तक काढलं. त्यातला बराचसा मजकूर कुठून घेतला होता? फतावा-ए-आलमगीरीतून! बुऱ्हाणपूरच्या शेखसाहेबांचं काम आता इंग्रजीत, कोर्टाच्या टेबलावर! पुढे मुंबईच्या दिनशा मुल्ला यांनी मुस्लीम कायद्यावर पुस्तक लिहिलं. ते स्वतः पारशी होते. त्यांचं ते पुस्तक आजही वकिलांच्या कपाटात असतं.

१८९७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हा आपल्यासाठी सगळ्यात वरच्या न्यायालयापुढे, एक खटला आला. तिथले न्यायाधीश म्हणाले, की कुराणाचा अर्थ आपण आपल्या मनाने नव्याने लावू नये, जुन्या थोर भाष्यकारांनी सांगितलंय ते ऐकावं. किती नम्र वाटतं ना? पण पुढे काय झालं बघ! प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं म्हटल्यावर ते इथल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक झालं. ‘ग्रंथ बघा’ हे सांगणारा निकाल स्वतःच नियम झाला!

कळली का ही उलटापालट? काझीचा निकाल त्या दोघांपुरता असायचा आणि ग्रंथ सगळ्यांसाठी. आता त्याच ग्रंथातली ओळ न्यायमूर्तींच्या निकालात शिरली, आणि निकाल सगळ्यांसाठी झाला. शेख निजामांनी ती अरबीत लिहिली. बेलीने इंग्रजीत नेली. मुंबईच्या वकिलाने ती न्यायमूर्तींना वाचून दाखवली. निकाल छापून आला, आणि धुळ्याच्या न्यायाधीशाला तो पाळावा लागला. बुऱ्हाणपूरहून निघालेली ओळ केवढा वळसा घालून पुन्हा तापीच्या खोऱ्यात आली!

मला यात एक धोकाही दिसतो, तो तुला सांगायलाच हवा. ग्रंथ जेव्हा काझीच्या हातात होता, तेव्हा पुढचा काझी समोरचं माणूस बघून वेगळा विचार करू शकत होता. छापील निकाल झाल्यावर तीच ओळ घट्ट झाली, दगडासारखी. दुसरीकडे, निकाल आधीच ठाऊक असला की शेतकऱ्यालाही कळतं, आपल्या दाव्याचं काय होणार. कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. दोन्हींत काही मिळतं, काही सुटतं. तू अंपायर असशील तेव्हा काय निवडशील?

आणि काझींचं आज काय? १८८० मध्ये पुन्हा एक कायदा झाला. त्याप्रमाणे सरकार काझी नेमू शकतं, पण निकाह लावण्यासारख्या कामांसाठी. न्यायाधीशाचे अधिकार त्यांना या कायद्याने मिळत नाहीत, असं त्यातच लिहिलंय. मुस्लीम कुटुंबांत लग्न, वारसा अशा बाबतींत शरियत कायदा लागतो, तसा १९३७ चा कायदा आहे. वाद न्यायालयात गेला, तर तो लावणारे न्यायाधीश मात्र तेच, जे बाकी सगळे खटले चालवतात. जळगाव-धुळ्याचा निकाल पटला नाही, तर प्रकरण वर जातं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, छत्रपती संभाजीनगरला. पूर्वी या गावाला औरंगाबाद म्हणायचे. हे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं.

एक शेवटची गोष्ट, दोन्हीकडे अगदी सारखी! काझीने कुठे बसावं? जुने ग्रंथ म्हणतात, उघड्यावर, मशिदीसारख्या जागी, जिथे कुणालाही येता येईल. आणि आपली न्यायालयं? तिथेही बहुतेक सुनावण्या उघड चालतात. कुणीही जाऊन मागच्या बाकावर गप्प बसून ऐकू शकतं. सुट्टीत आई-बाबांना, नाहीतर ओळखीच्या वकील काकूंना विचार. ते नेतील. मोबाइल बंद ठेव, कुजबुज करू नकोस, आणि कान दे. मध्येच एखादा वकील म्हणेल, ‘साहेब, याच मुद्द्यावर आधीचा निकाल आहे,’ आणि जाडजूड पुस्तकातली खूण केलेली पानं उघडेल. कोणत्या सालचा निकाल होता, ते वहीत टिपून घे आणि आम्हाला लिहून कळव!